माशाचं नाव कोणी ठेवलं?

चि. मुक्ता,



तुझं पत्र पोचलं. प्रयोगशाळेतल्या बरणीवर 'टॉर खुद्री (सायक्स, 1839)' अशी चिठ्ठी पाहून तू लॅटिन शब्दकोश उघडलास. त्यात 'खुद्री' नाही म्हणून ग्रीक धुंडाळलास, तिथंही हाती काही लागलं नाही आणि मग मला लिहिलंस. तिथं तो शब्द मिळायचा नाहीच. तो आपला आहे, मराठी आहे. पुण्याच्या पूर्वेला मुळामुठेत जाळं टाकणाऱ्या कुणा भोयाच्या किंवा कोळ्याच्या तोंडचा तो शब्द लंडनला गेला, छापला गेला आणि जगभरच्या संग्रहालयांतल्या बरण्यांवर चढला. शास्त्रीय नाव म्हणजे परक्या भाषेतलं, पाठ करायचं काहीतरी, अशी तुझी समजूत झाली असेल तर आधी ती सोड. पुढचं सगळं मग आपोआप जवळचं वाटेल.

हा सायक्स म्हणजे विल्यम हेन्री सायक्स, कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला अधिकारी. पेशवाई बुडाल्यावर दख्खनची मोजदाद करायचं ठरलं, तेव्हा 1824 साली त्याला त्या कामावर नेमलं. गावं किती, माणसं किती, जमिनीचा कस कसा, पिकं कोणती, हे सगळं त्यानं गोळा केलंच. शिवाय या प्रदेशातले पक्षी, प्राणी, मासेही टिपून ठेवले. आपल्या रानकुत्र्याला, म्हणजे कोळसुंद्याला, त्यानं 1831 साली दख्खनचं नाव जोडून दिलं. माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीत 1838च्या अखेरीस वाचला गेला. 1839 साली तो थोडक्यात आणि 1841 साली चित्रांसह सविस्तर छापला गेला. दख्खनचे चाळीसहून अधिक मासे त्यात आहेत आणि त्यांतले बहुतेक तोवर कुठल्याही ग्रंथात नव्हते. तुझ्या बरणीतल्या माशाचं, म्हणजे या महाशीरचं, ठिकाण त्यानं दिलंय ते पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर, मुळामुठेचं पात्र. आजच्या मांजरीच्या आसपास म्हण. पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन वाहणाऱ्या त्या पात्रात आज महाशीर शोधायला कोणी जाणार नाही. पण त्या माशाच्या नावाचा जन्म तिथला आहे आणि जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाला या जातीचं मूळ ठिकाण सांगायचं झालं तर मुळामुठेचंच नाव घ्यावं लागतं.

आता 'खुद्री'कडे येऊ. तू तो शब्द वाचलास तसा तो सांगणाऱ्या भोयानं किंवा कोळ्यानं उच्चारला नव्हता. त्या काळचे इंग्रज आपल्या भाषांतला ऱ्हस्व 'अ' रोमन लिपीत 'यू' या अक्षरानं लिहीत. सायक्सच्या निबंधाच्या शीर्षकातच दख्खन आहे आणि त्याचं स्पेलिंग आजच्या वाचकानं वाचलं तर तो 'डुखुन' म्हणेल. ही किल्ली हातात धर आणि त्यानं दिलेली बाकीची नावं उघडून बघ. ज्याला आपण 'मुल्या' वाचतो तो मळ्या. दगडाला पोटानं चिकटणारा, ओढ्यानाल्यांतला तो लहान मासा आजही आपल्याकडे मळ्याच आहे. 'कोलुस' म्हणजे कोळस. 'कुर्पा' म्हणजे खरपा. 'मुसुल्ला' म्हणजे मसला. त्याच न्यायानं 'खुद्री' हे 'खडरी'सारखं काहीतरी असणार. पुणे-साताऱ्याकडे या माशाला खडशी, खडची, खडस म्हणतात. सायक्सच्या कानावर पडलेलं रूप त्याच घरातलं आहे, यात मला शंका वाटत नाही. जवळपास दोनशे वर्षांपूर्वीचा मराठी उच्चार एका स्पेलिंगमध्ये अडकून राहिलाय आणि आपण तो इंग्रजी पद्धतीनं वाचून स्वतःचाच शब्द परका करून घेतलाय. वर्गात वाटल्यास 'खुद्री'च म्हण, सगळे तसंच म्हणतात. मनात मात्र 'खडशी' असू दे.

याच किल्लीनं उघडणारं माझं सगळ्यात आवडतं नाव 'नुक्ता'. भीमा-कृष्णेच्या खोऱ्यातला हा मासा तू चित्रात पाहिला असशील. त्याच्या तोंडावर मधेच खोल खाच आहे आणि वरचा भाग गोळ्यासारखा पुढं आलेला. नाक मोडून पुन्हा भलत्या जागी बसवल्यासारखं त्याचं रूप. 'यू'च्या जागी 'अ' ठेव आणि शब्द मोठ्यानं म्हण. नकटा! हा माझा तर्क आहे, पण सायक्सच्या इतर नावांशी तो तंतोतंत जुळतो. गंमत अशी, की पुढं ब्लीकर या डच शास्त्रज्ञानं याच माशासाठी जे प्रजातीनाम केलं, 'शिस्माटोरिंकस', त्याचा ग्रीकमधला अर्थ होतो चिरलेल्या तुंडाचा. एका नावात ग्रीक आणि मराठी शेजारी बसलेत आणि दोघं बोलतायत एकाच नाकाबद्दल. आज हा मासा संकटग्रस्त आहे. धरणं, वाळूउपसा, मैलापाणी, कारणं तुला माहीत आहेत.

'शिंगटी' आणि 'शिंगाळा' तर उघडच आहेत. दोन्ही सायक्सनं दिलेली नावं, दोन्ही मासे बिनखवल्यांचे, मिशाळ, आणि कल्ल्यामागच्या परांना असा टोकदार काटा, की जाळ्यातून सोडवताना हात फाटावा. ज्यानं तो काटा हातात घुसवून घेतला असेल त्यालाच 'शिंग' हा शब्द सुचणार. नावामागे असा अनुभव असतो, मुक्ता. पुस्तक लिहिणाऱ्याच्या आधी तो कुणीतरी घेतलेला असतो.

आता त्याच निबंधातली दुसरी नावं बघ. 'ओगिल्बी', 'व्हिगोर्सी', 'यारेली', 'चिल्ड्रेनी'. ही माणसं आहेत. ओगिल्बी, व्हिगर्स, यारेल, चिल्ड्रेन हे सायक्सचे इंग्लंडमधले शास्त्रज्ञ स्नेही. यारेलनं तर नुकताच ब्रिटिश माशांवरचा मोठा ग्रंथ लिहिला होता. मानाची नावं त्यांच्या वाट्याला आली. ज्यांनी मासे धरून आणले, हा कोण, तो कोण, हे त्याला सांगितलं, त्यांतल्या एकाचंही नाव कुठल्याही माशाला मिळालं नाही. त्या काळाची रीतच तशी होती, म्हणून सायक्सवर राग धरून उपयोग नाही. उलट त्यानं त्यांचे शब्द टाकून दिले नाहीत, याबद्दल मी त्याचं ऋण मानतो. तो प्रत्येक माशाला ओढूनताणून लॅटिन नाव देऊ शकला असता. त्याच्या आधी बंगालात फ्रान्सिस हॅमिल्टननंही लोकांचीच नावं राखायचा रस्ता धरला होता. गंगेच्या माशांवरच्या त्याच्या 1822च्या ग्रंथात रोहिता, कतला, मृगल ही तिकडचीच नावं शास्त्रात गेली. आपण बाजारात रोहू म्हणतो तो संस्कृत 'रोहित', तांबूस अंगाचा. आणि नदीतल्या माशांची वर्णनं लिहून ठेवायची परंपरा तर या भागात इंग्रजांच्याही सातशे वर्षं आधीची आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मत्स्यविनोदाचा एक सबंध भाग आहे. कुठला मासा कसा असतो, त्याला कसलं आमिष लागतं, हे राजानं त्यात नोंदवून ठेवलंय.

तुझ्या पत्रातला दुसरा प्रश्न 'महाशीर' या शब्दाचा. इथं मात्र जपून चाल. एखाद्या नावाचा छानसा अर्थ लागला, की तो खरा मानायची घाई आपल्याला होते आणि या शब्दाचे तर तीन छान अर्थ सांगितले जातात. कुणी म्हणतं महा आणि शिर, मोठ्या डोक्याचा. कुणी म्हणतं फारसीतला माही म्हणजे मासा आणि शेर म्हणजे सिंह, म्हणून माशांतला सिंह. कुणी 'महाशल्क' सुचवतं, मोठ्या खवल्यांचा. शरीर बघितलं तर तिसरा अर्थ सगळ्यात खरा. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एका ओळीत जेमतेम पंचवीस-सत्तावीस खवले, आणि मोठ्या माशाचा एक खवला तळहात झाकेल एवढा. पण 'शल्क'चं 'शीर' कसं झालं हे भाषेच्या नियमांनी दाखवता येत नाही, म्हणून मला तो पटत नाही. फारसीची गोष्ट शिकारी साहेबांना फार आवडायची. गळाला लागल्यावर हा मासा असा झुंजतो, की त्यांना सिंह आठवायचाच. पण फारसी माणूस शब्द उलटा जोडेल, शेरमाही म्हणेल. पेशावरकडे काबूल नदीतल्या एका वेगळ्याच माशाला शेरमाही म्हणतातही. उरतं 'महाशिर'. या माशाचं डोकं खरोखर लांब असतं आणि शब्दही फारशी मोडतोड न करता जुळतो. माझं मत तिकडं झुकतं. तरी हेही बघ, की बिहारात कोसी नदीवर हॅमिल्टनला 'मोसल' हे नाव मिळालं आणि शिरूरजवळ घोड नदीवर सायक्सला 'मसला'. मधे शेकडो कोसांचं अंतर, आणि शब्द एकमेकांच्या इतके जवळ. 'महाशीर'ची मुळं शोधायची तर संस्कृत समासांच्या आधी या बोलींमध्ये शोधायला हवीत.

आता ज्या नावासाठी मी हे पत्र एवढं लांबवलं त्याच्याकडे येतो. 1952 साली डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी कृष्णेच्या खोऱ्यातल्या एका लहानशा, चंदेरी, मिशाळ माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. कुलकर्णी पुढं महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी या माशाला दिलेलं जातीनाम ऐक: 'खवलचोर'. नदीवरचे कोळी त्याला खवलेचोर म्हणत. या माशाच्या स्वतःच्या अंगावर एकही खवला नाही, शिंगाळ्याच्या मोठ्या गोतावळ्यातला आहे तो. पण तो दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. वेगानं येऊन बाजूला धडक द्यायची, खवले उचकटायचे आणि गिळायचे. ज्याचे खवले गेले तो मासा सहसा मरत नाही आणि त्याचे खवले पुन्हा उगवतात. म्हणजे शिकार न मारता पुन्हा पुन्हा लुटायची. जगात अशा सवयीचे मासे थोडेच आहेत. आफ्रिकेतल्या सरोवरांतल्या खवलेखाऊ माशांवर शास्त्रज्ञांनी पानंच्या पानं लिहिली आहेत.

आपल्या कृष्णाकाठच्या माणसांनी हे सगळं दोन शब्दांत आधीच सांगून टाकलं होतं. त्यांना ते कसं कळलं असेल, याचा विचार कर. जाळ्यात आलेला मासा साफ करताना पोटातून खवले निघाले असतील आणि खवले नसलेल्या माशाच्या पोटात खवले कुठून आले, हा प्रश्न कुणाला तरी पडला असेल. मग इतर माशांच्या अंगावर उघडे पडलेले डाग दिसले असतील. कुणीतरी या दोन गोष्टी जोडल्या, नाव ठेवलं आणि बाकीच्यांना ते पटलं म्हणून टिकलं. प्रश्न, पुरावा, निष्कर्ष, आणि दुसऱ्यांनी तो पारखून घेणं. तुम्हाला वर्गात संशोधनाची पद्धत म्हणून जे शिकवतात ते याहून वेगळं नाही. पुण्यातल्या संशोधकांनी 2018 साली या माशाची वागणूक, दात, पोट आणि पाचकरस तपासून तो खरोखर खवल्यांवर जगायला बनलेला आहे, हे दाखवून दिलं. कोळ्यांचं म्हणणं प्रयोगशाळेत खरं ठरलं. प्रजातीचं नाव आता बदललंय. कुलकर्ण्यांनी 'निओट्रोपियस' दिलं होतं, हल्ली 'पॅकिप्टेरस' लिहितात. 'खवलचोर' मात्र जागचं हललं नाही आणि हलणारही नाही. पहिल्यांदा रीतसर दिलेलं जातीनाम सहसा बदलता येत नाही, असा शास्त्राचा नियम आहे. सायक्सनं शब्द कानानं टिपला होता. कुलकर्ण्यांना त्याचा अर्थ माहीत होता, कारण ती त्यांची भाषा होती. त्यांनी तो जाणूनबुजून, अभिमानानं शास्त्रात बसवला. मला हे फार मोठं काम वाटतं.

याच कुलकर्ण्यांनी खात्यातून निवृत्त झाल्यावर लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांवर आपल्या खडशीची कृत्रिम पैदास करून दाखवली. अंडी कशी फलित करायची, किती दिवसांत फुटतात, पिलं कशी जगवायची, हे त्यांनी आणि त्यांचे सहकारी ओगले यांनी बारकाईनं नोंदवलं. नदीतला, कमी होत चाललेला मासा हातानं वाढवता येतो, हे त्यातून दिसलं. तिथली पिलं देशभरच्या नद्यांत आणि तलावांत सोडली गेली.

आणि इथंच नावाचा प्रश्न किती जिवावरचा असतो ते दिसतं. मघाच्या मसल्याकडे परत ये. सायक्सनं ज्याला मसला म्हटलं तो घोड नदीतला मासा नेमका कोणता, यावर पुढं गोंधळ झाला. सुंदरलाल होरा हे आपल्या देशातल्या मत्स्यशास्त्राचे आद्य पुरुष. त्यांच्या काळापासून ते नाव पाठीला कुबड असलेल्या एका प्रचंड महाशीरला जोडलं गेलं. हा कुबडवाला मूळचा कावेरीचा. 1946 साली म्हैसूरकडे काबिनी नदीत गळानं धरलेला एक महाशीर 120 पौंडांचा, म्हणजे 54 किलोंचा भरला होता. त्याच्या नादानं साता समुद्रापलीकडून शिकारी येत. अलीकडे, 2013च्या सुमारास, संशोधकांनी सायक्सचं वर्णन पुन्हा तपासलं. घोड नदीतला मसला महाशीर नसून दुसऱ्याच प्रजातीतला मासा आहे, असा निष्कर्ष निघाला. झालं, कावेरीतल्या कुबडवाल्याचं उसनं नावही गेलं. जगात इतका गाजलेला मासा, आणि शास्त्राच्या दफ्तरात बिननावाचा! संकटात असलेल्या जीवांची जी जागतिक यादी असते तिच्यात जातीच्या नावानं नोंद होते. ज्याला नाव नाही त्याची नोंद नाही, आणि नोंद नाही तर त्याला वाचवायला सरकारदरबारी कुठलं कलम लावणार?

त्याच काळात कावेरीत बाहेरून आणलेला खुद्री वाढत होता आणि कुबडवाला दिसेनासा होत होता. चांगल्या हेतूनं सोडलेली पिलं तिथल्या मूळ माशाच्या जागेवर बसली, असं अभ्यासकांनी नोंदींवरून दाखवलंय. 'महाशीर' या एका ढोबळ नावाखाली सगळे एकच, हा महाशीर काय नि तो महाशीर काय, असं धरून चाललं की असं होतं. अखेर 2018 साली छडा लागला. केरळात कावेरीच्याच पांबार या उपनदीतून 'टॉर रमादेवी' नावाची एक जात आधीच नोंदली गेली होती आणि कावेरीचा कुबडवाला तोच निघाला. रमादेवी या आपल्या प्राणिसर्वेक्षण संस्थेतल्या मत्स्यशास्त्रज्ञ, त्यांच्यावरून ते नाव. नाव निश्चित झालं त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जागतिक यादीत चढला. इतकी वर्षं तो संकटात होताच, नाव मिळालं तेव्हा कुठं त्याचं संकट कागदावर आलं.

आपल्याकडे खडशी काही ठिकाणी सुखरूप आहे ती श्रद्धेमुळे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे, वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे आहे. तिथले मासे देवाचे, त्यांना कुणी हात लावत नाही. जमलं तर जाऊन ये. फक्त फरसाण नि पावाचे तुकडे टाकू नकोस. श्रद्धेनं राखलेल्या डोहालाही वरून वाहत येणारं घाण पाणी थांबवता येत नाही, म्हणून केवळ त्यावर विसंबून राहणं मला धोक्याचं वाटतं.

नावं मरतात आणि नवी जन्मतातही. उजनी धरणावर गेलीस तर तिथल्या मासळीबाजारात तुला 'चिलापी' ऐकू येईल. तो टिलापिया, मूळचा आफ्रिकेचा. 'टिलापिया' हा शब्दसुद्धा लॅटिन नाही. दक्षिण आफ्रिकेत अँड्र्यू स्मिथनं 1840 साली तो तिथल्या त्स्वाना लोकांच्या 'मासा' या अर्थाच्या शब्दावरून घडवला. आपल्या नदीतला शब्द जवळपास त्याच वर्षांत लंडनला जात होता, आणि त्यांचा शब्द आज भीमेवर मराठी होऊन राहिलाय. शब्द म्हणून मला चिलापी आवडतो. पण जाळी चिलापीनं नि कतल्यानं भरत गेली, की खडशी, कोळस, नकटा ही नावं घ्यायची वेळच येत नाही. जे रोज हाताला लागत नाही त्याचं नाव पुढची पिढी शिकत नाही. आजोबा पाण्यात पाहून वीस मासे वेगळे सांगतात आणि नातू सगळ्यांना 'बारीक मासळी' म्हणतो, हे मी भीमेकाठी ऐकलंय. त्यात नातवाची चूक नाही, त्याला दाखवायला ते मासेच उरले नाहीत.

म्हणून माझं तुझ्याकडे एक मागणं आहे. तुझ्या गावाजवळची कुठलीही नदी, ओढा, तळं घे. जे मासे धरतात त्यांच्याकडे जा आणि ज्या बायका मासळी घेऊन बाजारात बसतात त्यांच्याकडे आधी जा. मासा सोलून, कापून पाहणाऱ्या त्याच असतात. आपण नाव सुचवायचं नाही. मासा दाखवून फक्त विचारायचं, याला काय म्हणता? मग विचारायचं, असं का म्हणता? उत्तर ऐकलंस तसं देवनागरीत लिही, शुद्ध करायला जाऊ नकोस. खडची म्हणाले तर खडचीच लिही, पुस्तकात खडशी असलं तरी. माशाची लांबी लिही, कारण एकाच माशाच्या पिलाला एक नाव आणि मोठ्याला दुसरं असतं. ठिकाण लिही, महिना लिही. वलगणीच्या दिवसांत, पहिल्या पावसात चढणीला लागलेल्या माशांची ओळख वेगळीच असते. एका नावाचे दोन मासे निघाले किंवा एका माशाची चार नावं निघाली तर गोंधळून जाऊ नकोस, तेच लिहायला तू गेलेली आहेस. मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढ. आणि ज्यानं किंवा जिनं नाव सांगितलं, त्यांना विचारून, त्यांचं स्वतःचं पूर्ण नाव वहीत पहिल्यांदा लिही. सायक्सच्या निबंधात नेमकी ही ओळ नाही.

पहिली दहा नावं झाली की वहीची एक प्रत मला पाठव.

तुझा,
आप्पाआजोबा